पावाच्या कडा

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणार्थ प्रभुभोजन असे, म्हणून आदल्या शनिवारी सुंदराबाई अमोलिक अख्ख्या बिल्डिंगची माफी मागून मोकळ्या होत. दूधवाल्या भय्याची, कारण त्याला आठवडाभर "दुधात पाणी घालतोस की पाण्यात दूध?" म्हणून झापलेलं असायचं. वरच्या मजल्यावरच्या ठक्करबेनची, कारण तिच्या कुंड्यांचं पाणी यांच्या वाळत घातलेल्या पातळांवर गळायचं आणि त्यावरून शब्दाला शब्द लागायचा. एकदा तर त्यांनी पोस्टमनला जिन्यात गाठून माफी मागितली होती. कशाबद्दल, ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मन साफ केल्याशिवाय प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, हा त्यांचा नेम. सोमवारी सकाळपासून पुन्हा भय्याच्या नावाने शंख सुरू होई, ते सोडा. विमलाला या घरात सून म्हणून येऊन वीस वर्षं होत आली होती, तरी सासूच्या या नेमाचं तिला हसूही यायचं आणि धाकही वाटायचा.

माफीच्या या फेरीत एकच नाव कधी येत नसे. पोटची पोर, नलिनी.

नलिनीने राजाराम कांबळेशी लग्न केलं त्याला पाच वर्षं झाली होती. राजाराम टेलिफोन खात्यात, राहायला घाटकोपरला पंतनगरात. माणूस शांत, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. पण बौद्ध. सुंदराबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "बाप्तिस्मा घे म्हणावं, उद्या लावून देते." त्यावर राजाराम म्हणाला, "माझ्या बापानं एकदा विचार करून धर्म बदललाय. मी परत कशाला बदलू?" उत्तर बरोबर होतं, पण होणाऱ्या सासूला द्यायचं नव्हतं. रजिस्टर लग्न झालं. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांनी नलिनीला प्रभुभोजनाला बसायची मनाई केली आणि सुंदराबाईंनी घरात यायची. पंचांनी वर्षभरात मनाई उठवली. सुंदराबाई पंच नव्हत्या, आई होत्या. त्यांची मनाई तशीच राहिली.

आणि आता राजारामची नागपूरला बदली झाली होती. ठक्करबेनच्या फोनवर नलिनीने विमलाला बोलावून घेतलं.

"वहिनी, मंगळवारी निघतोय आम्ही. जायच्या आधी आईला एकदा बघावं असं वाटतं गं. ती नाही बोलली तरी चालेल. नुसतं बघेन."

नलू फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून विमलाने तिच्या वेण्या घातल्या होत्या. तिला राहवलं नाही. "शनिवारी चहाला ये," ती म्हणाली. "दोघंही या." बोलून बसली आणि मग जिना उतरताना तिला सासूबाईंचा चेहरा आठवला. पण तिचा हिशेब सरळ होता. महिन्यात एकच दिवस असा होता की आईंचं मन लोण्यासारखं असे. पोस्टमनची माफी मागता येते, तर पोरीची का नाही?

नवऱ्याच्या कानावर घालावं म्हणून तिने दशरथला तो दाढी करत असताना सांगितलं. दशरथ मंडळीचा पंच होता. त्याने गालावरचा साबण न पुसता आरशातूनच तिच्याकडे बघितलं.

"मी काही ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "तू काही सांगितलेलं नाहीस."

पंचगिरी बहुधा अशीच करतात, असं विमलाच्या मनात आलं.

*

मुलुंडला मराठी मंडळी उभी राहिली तेव्हापासून प्रभुभोजनाची भाकर अमोलिकांच्या घरी कापली जात होती. भाकर म्हणायची, पण असायचा तो पावच. नाक्यावरच्या बेकरीतून आदल्या दिवशीचा अख्खा पाव आणायचा, कारण ताजा सुरीला चिकटतो. न्हाऊन, पदर डोक्यावर घेऊन, या एकाच कामाला ठेवलेल्या सुरीने त्याच्या कडा काढायच्या आणि मऊ भागाचे नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे. कापताना बोलायचं नाही. सांडलेला चुरा ओट्यावरून वेचून घ्यायचा, पुसायचा नाही. उरलेल्या कडा तुपात परतून वर साखर घालून घरच्यांनी खायच्या. नलू लहानपणी त्या कडांसाठी शनिवारची वाट बघायची.

सुंदराबाईंनी हे काम इतकी वर्षं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. त्याचं कारण मंडळीत सगळ्यांना पाठ होतं, कारण दर नाताळात, देव आपल्याला कसा भेटला ते सांगायच्या साक्षीच्या सभेत, त्या उभ्या राहून तेच सांगत. राहुरीकडच्या खेड्यात त्या लहान असताना पाटलीण वरून पाणी ओतायची आणि या खाली ओंजळ धरायच्या. एकदा शिंतोडा उडाला तर पाटलीण शिव्या देत पुन्हा अंघोळीला गेली. पुढे सोळाव्या वर्षी बाप्तिस्मा झाला आणि पहिलं प्रभुभोजन आलं. तेव्हा द्राक्षरसाचा प्याला एकच असायचा, हातोहात फिरायचा. यांच्या शेजारी शाळेचे मास्तर उभे. ते जन्माने ब्राह्मण, ख्रिस्ती झालेले. सुंदराबाई प्यायल्या आणि त्यांना वाटलं, आता मास्तर प्याल्याची कड पुसतील, नाहीतर नुसतं तोंड लावल्यासारखं करतील. मास्तरांनी काठ पुसला नाही. यांचं तोंड लागलं होतं तिथेच तोंड लावून ते प्यायले.

"माझं उष्टं प्यायला माणूस," सुंदराबाई सांगायच्या आणि दर वर्षी इथे त्यांचा आवाज फुटायचा. "तिथं मला देव दिसला. पुस्तकात नाही दिसला, त्या काठावर दिसला."

आता मंडळीत अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्या आल्या होत्या, ज्याची त्याला वेगळी. सुंदराबाईंना त्या डोळ्यांसमोर नको असत. "औषधाचा डोस दिल्यावाणी वाटतं," म्हणायच्या.

गेल्या काही महिन्यांत त्यांच्या हाताला कंप सुटला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. म्हणून त्या शनिवारी पहिल्यांदा सुरी विमलाच्या हाती आली. सासूबाई शेजारी स्टुलावर बसल्या. कापताना बोलायचं नाही हा नियम त्यांना लागू नव्हता.

"कड जाड काढतीयेस, विमल."

विमला गप्प.

"काय म्हणते मी? जाड काढतीयेस."

"बारीकच..."

"बोलू नको! कापताना बोलायचं नसतं, कितींदा सांगायचं?"

तुकडे झाले. ते ताटात मांडून वर पांढरं फडकं घालायचं, क्रूस भरलेलं. पण त्या फडक्यावर सकाळी कावळ्याने घाण केली होती. ते पुन्हा धुऊन, खळ करून गॅलरीत वाळत घातलं होतं. तोवर उघडं राहायला नको म्हणून विमलाने तुकडे स्टीलच्या एका डब्यात भरले. परतलेल्या कडा दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे तिच्या लग्नातले, जोडीचे, एकासारखा एक. ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि ती वेणीफणी करायला गेली. मन थाऱ्यावर नव्हतं, दुसरं काय.

*

साडेचारला बेल वाजली. दारात नलिनी उभी होती, हातात सफरचंदांची पिशवी, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी. तिच्या मागे राजाराम. त्याने चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. दशरथने पेपर उघडला आणि त्याच्या मागे गेला.

सुंदराबाई संध्याकाळच्या तयारीच्या उपासनेसाठी पांढरं लुगडं नेसून बाहेर आल्या. डोळे बारीक करून बघू लागल्या.

"कोण आलंय?"

"सलाम, आई," नलिनी मंडळीतल्या रीतीप्रमाणे म्हणाली. "मी. नलू."

सुंदराबाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. तोंडावर काही दिसेना. पेपरसुद्धा हलायचा थांबला.

"सलाम," त्या म्हणाल्या. मग स्वतः खुर्चीत बसत, "बस. उभी का?"

राजारामने नमस्कार केला. त्यांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली. पण हलवली. "पंखा लाव गं, घामाघूम झालीत पोरं," असंही म्हणाल्या. विमलाला वाटलं, देवा, झालं! पोरं म्हणाल्या, दोघांना मिळून म्हणाल्या!

"नागपूरला ऊन फार म्हणतात," सुंदराबाई म्हणाल्या.

"हो आई. कूलर घेणार आहोत."

"वाळ्याचे पडदे लाव. आमच्या मिशनच्या बंगल्यात असायचे."

पाच वर्षांनी मायलेकी पहिल्यांदा बोलल्या त्या पडद्यांबद्दल. चालेल, पडदे तर पडदे. विमला चहा टाकायला आत पळाली. स्वयंपाकघरात सुलक्षणा होती, धाकट्या दिराची बायको. लग्न होऊन पंधरवडा झालेला, सोलापूरची पोर, हातावरची मेंदी अजून पुसट दिसत होती.

"सुलक्षणा, त्या डब्यात पावाच्या कडा आहेत बघ, त्या ताटलीत काढून दे बाहेर. नलूला फार आवडतात."

दूध वर येत होतं म्हणून विमला शेगडीकडे वळली. सुलक्षणाने एक डबा उघडला, त्यात कडा. कडा! नवी सून असली तरी तिला रीतभात होती. पहिल्यांदा घरी आलेल्या जावयासमोर पावाच्या कडा ठेवायच्या? शोभेल का? तिने दुसरा उघडला. आत मऊ, पांढरेशुभ्र, एकसारखे तुकडे, कुणीतरी निगुतीने कापलेले. जाऊबाईंनी पाहुण्यांसाठी केलेलं हेच असणार, बोलताना चुकल्या असतील. तिने ते ताटलीत काढले, वर लोणी घातलं, साखर भुरभुरवली आणि बाहेर नेले. तिच्या सोलापूरच्या मंडळीत प्रभुभोजनाला चपातीसारखी बेखमीर भाकर असे. तिला काय ठाऊक?

विमला चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा नलिनी पांढरी फटक पडली होती. ती राजारामकडे डोळे मोठे करून बघत होती आणि त्याला वाटत होतं, आवडलं असं म्हणावं अशी खूण करतेय.

"छान आहे," तो म्हणाला आणि आणखी दोन घेतले.

"घ्या ना भाऊजी, अजून घ्या," सुलक्षणा म्हणाली. "डबा भरलाय आत."

"काय केलंय?" सुंदराबाईंनी विचारलं. दिसत नव्हतं म्हणून हात पुढे करून त्यांनी ताटलीतला एक तुकडा उचलला. बोटांत धरला, अंगठा फिरवला. चार बाजू, नखाएवढा. इतकी वर्षं त्यांच्या बोटांनी हेच केलं होतं.

"विमल."

"आई..."

"हे कुठलं आहे?"

"आई, माझी चूक झाली. डबे शेजारी ठेवले मी. फडकं ओलं होतं म्हणून..."

सुंदराबाई उठल्या. संताप आला की त्यांची भाषा राहुरीला जायची, तशी आता गेली. "प्रभूच्या मेजाची भाकर! लोणी लावून! चहासंगं!"

सुलक्षणाला रडू फुटलं. "आमच्याकडे चपातीसारखी असते हो आई, मला काय माहीत?"

राजारामचा हात ताटलीवर तसाच थांबला होता. तो त्याने मागे घेतला. "हे चर्चचं होतं?" त्याने नलिनीला विचारलं. तिने मान हलवली. "अरेरे," तो म्हणाला, अगदी मनापासून.

दशरथ पेपरमागून बाहेर आला. "आई, शांत हो. अजून त्याच्यावर प्रार्थना झालेली नाही. प्रार्थना होईपर्यंत पाव तो पाव. दुसरा आणू."

"तू पंच हायेस का बेकरीवाला?"

"आई, दादा बरोबर बोलतोय," नलिनी म्हणाली.

"तू नको शिकवू मला!"

"हो ना, आईंचंही बरोबर आहे," सुलक्षणा डोळे पुसत सासूच्या बाजूला सरकली. पंधरवड्यातच तिला घरातला वारा कुठून वाहतो ते कळलं होतं.

राजाराम उभा राहिला. "आई, मी आणतो दुसरा पाव. बेकरी नाक्यावरच आहे ना? आत्ता जातो नि आणतो. माझ्यामुळे झालंय."

"तू हात लावू नको!" सुंदराबाई ओरडल्या. "लावलास तेवढा लय झाला. समदा इटाळ करून ठेवला!"

शब्द गेला. पंखा तेवढा फिरत होता.

राजारामने खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. मग रुमाल घडी करून पुन्हा खिशात ठेवला. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. हा शब्द आज ना उद्या येणारच, याची तयारी करूनच जणू तो जिना चढला होता. विमलाला तेच सोसेना.

"चल, नलिनी," तो म्हणाला.

नलिनी दारापाशी गेली, वळली. "आई, मी तुझ्या पाया पडणार होते गं," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली. सफरचंदांची पिशवी टेबलावर राहिली.

"बघितलंस?" दशरथ बायकोवर घसरला. "कुणी सांगितलं होतं तुला बोलवायला?"

"तुम्हाला सांगितलं होतं मी, दाढी करताना."

"मी ऐकलं नव्हतं!"

"हो, तुम्ही काहीच ऐकत नाही," विमला म्हणाली. मग तिने ट्रे खाली ठेवला आणि सासूकडे वळली. वीस वर्षांत ती या बाईला उलट बोलली नव्हती. 

"आई, तुम्ही आता म्हणालात तो शब्द कुणाचा आहे? शास्त्रातला नाही. आपल्या घरातलाही नाही. तो तुम्ही त्या पाटलिणीकडून आणलात."

दशरथ म्हणाला, "विमला!"

"त्यांनी काय केलं हो? पाव खाल्ला. आपण दिला म्हणून खाल्ला. पाटलिणीनं निदान अंघोळ तरी स्वतःच्या घरात जाऊन केली."

तो तुकडा अजून सुंदराबाईंच्या बोटांत होता. त्यांनी तो ताटलीत ठेवला नाही, टाकलाही नाही. तसाच घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

त्या संध्याकाळी त्या तयारीच्या उपासनेला गेल्या नाहीत. भय्याकडे गेल्या नाहीत. ठक्करबेन स्वतः डोकावून गेली, "माँजी, आज माफी नहीं?" म्हणून. दुसरा पाव आणला तेव्हा आतून फक्त आवाज आला, "तूच काप." विमलाने एकटीने कापला. मधे कुणीही तिला बोलू नको म्हणालं नाही.

*

टीव्हीवरची ती पौराणिक मालिका सुरू झाल्यापासून रविवारी सकाळी मुलुंडच्या रस्त्यांवर कुत्रं फिरकत नसे. मंडळीतली काही तरुण बाकंही हल्ली रिकामी असायची, पाळकसाहेब त्यावरून कुरकुरायचे. अमोलिकांचं बाक मात्र भरलेलं होतं. सुंदराबाई नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत कडेला, पदर डोक्यावर. सकाळपासून त्या विमलाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. विमलाला रात्रभर झोप नव्हती. आपण बोललो ते बरोबर की चूक, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. खरं होतं, एवढं मात्र तिला ठाऊक होतं.

गायन झालं, उपदेश झाला. पाळकसाहेबांनी भाकरीवर प्रार्थना केली आणि पंच ताटं घेऊन निघाले. पहिली रांग दशरथकडे. त्याने वाकून आईपुढे ताट धरलं.

सुंदराबाईंनी हात पुढे केला नाही.

आईला दिसत नसेल असं वाटून दशरथने ताट आणखी जवळ नेलं. "आई, भाकर," तो कुजबुजला.

"दिसतंय मला. पुढं ने."

"अगं, घे ना..."

"पुढं ने म्हणते ना, दशा. मन साफ नाही माझं."

हळू बोललेलं होतं, पण मंडळी मोठी नव्हती. मागच्या दोन रांगांना ऐकू गेलं. साऱ्या आयुष्यात या बाईने हे ताट कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. नवरा गेला त्या आठवड्यातही नाही. दशरथचं तोंड लाल झालं. ताट विमलापुढे आलं. ती घुटमळली. काल आपणही घरात कमी आग लावलेली नाही.

"तू घे," सुंदराबाई समोर बघतच म्हणाल्या. "तुझं काही बिघडलेलं नाही."

विमलाने तुकडा घेतला.

उपासना सुटली. लोक ओसरीवर घोळके करून उभे राहिले, बायका सुंदराबाईंकडे चोरून बघत होत्या. त्या कुणाकडे न बघता पायऱ्या उतरल्या आणि फाटकापाशी थांबून विमलाला म्हणाल्या, "घरी जा नि कालचा तो कडांचा डबा घेऊन ये. आणि पंतनगरला जायचं कसं, ते बघ."

*

रिक्षा मिळायला वेळ लागला. मालिका संपली तरी रिक्षावाले टीव्ही असलेल्या दुकानांसमोर तिच्याच गप्पा मारत उभे होते. वाटेत सुंदराबाई डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. भांडुप गेलं, विक्रोळी गेलं. विमलाने मनात चारदा ठरवलं की माफी मागावी आणि चारही वेळा तिला कळेना, नेमकी कशाची.

दार नलिनीनेच उघडलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. घर सगळं खोक्यांत भरलेलं. ट्रंका दोरीने बांधलेल्या, भिंतीवरून बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर तेवढी अजून काढायची होती. राजाराम गाद्यांची वळकटी बांधत होता. तो उभा राहिला, पण पुढे आला नाही.

"आई?" नलिनी म्हणाली. "तू इथं कशी?"

"रिक्षानं." सुंदराबाई ट्रंकेवर बसल्या. डबा पुढे केला. "तुझ्या कडा. काल राहिल्या."

नलिनीने डबा घेतला आणि छातीशी धरून उभी राहिली. सुंदराबाईंनी राजारामकडे बघितलं, जेवढं दिसत होतं तेवढं. दूधवाल्या भय्याची माफी त्या एका दमात मागत, श्वास न घेता. इथे त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"बापू," त्या शेवटी म्हणाल्या. "माझं चुकलं. तो शब्द माझ्या तोंडात यायला नको होता. मी त्याच्यातनंच आलेली बाई आहे. मला ठाऊक असायला हवं होतं."

राजारामने मान खाली घातली. मग म्हणाला, "नलिनी, आईंना चहा टाक."

"कशात टाकू?" नलिनीला हसू आलं आणि रडूही. "भांडी सगळी खोक्यात गेली. एक पातेली नि एक ग्लास बाहेर आहे."

"एकच आहे?" सुंदराबाईंनी विचारलं.

"हो, एकच."

"मग बरं झालं. एकातच दे सगळ्यांना."

चहा झाला. नलिनीने ग्लास भरला, पदराने धरला आणि आईपुढे केला. सुंदराबाईंनी तो घेतला नाही. "आधी त्यांना."

"नाही नाही, आई, तुम्ही घ्या," राजाराम म्हणाला. "तुम्ही मोठ्या."

"आधी तुम्ही घ्या, जावईबापू. माझं ऐका."

राजारामने ग्लास घेतला, अवघडून एक घोट प्यायला आणि सवयीने काठ पुसायला अंगठा पुढे केला.

"पुसू नका," सुंदराबाई म्हणाल्या.

त्यांनी कापत्या हाताने ग्लास त्याच्याकडून घेतला आणि मांडीवर टेकवला. दुसऱ्या हाताने पदर ओढून नीट डोक्यावर घेतला. मंडळीत मेजापुढे जाताना घ्यायच्या तसा. विमला खोक्याला टेकून उभी होती. काय चाललंय ते कळून तिने चटकन आपलाही पदर डोक्यावर घेतला.

मग सुंदराबाईंनी ग्लास उचलला आणि राजारामचं तोंड लागलं होतं तिथेच तोंड लावून त्या चहा प्यायल्या.